काचेतला पाळणा

मी खेळणी कधीच गोळा केली नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात लोक आजही तसंच समजतात. आम्हाला मूल झालं नाही, म्हणून हा एसटीचा कंडक्टर जत्रेतली खेळणी आणून घरात मांडून बसतो, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी गोळा करायचो ते खेळण्यांच्या दुकानातलं मांडणीचं सामान. शिट्ट्या अडकवायचा पत्र्याचा पोपट, फुगे चिकटवलेला लॉटरीचा पुठ्ठा, भिंगऱ्या खोचायचा पेंढ्याचा दांडा, बाहुल्या बसवायच्या लाकडी पायऱ्या. खेळणं विकलं गेलं की पोर ते घेऊन पळतं आणि चार दिवसांत मोडतं. मांडणी दुकानातच राहते, वर्षानुवर्षं एका जागी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला भुलवते. मला त्या भुलवण्याचं वेड होतं.

माझी ड्यूटी बहुतेक वेळा शहापूर-मुरबाड गाडीवर असायची. किन्हवलीला गाडी थांबली की आमचं गाव तिथून पायी अर्ध्या तासावर. नव्वदीच्या सुरुवातीला या रस्त्यावरची दुकानं बदलायला लागली होती. प्लास्टिकच्या पिशवीत शिवलेली खेळणी आली, ती खिळ्याला टांगली की काम झालं. जुने स्टँड, जुन्या काचपेट्या मागच्या खोलीत गेल्या, तिथून उकिरड्यावर. मी हॉल्टच्या वेळात दुकानदारांकडे जाऊन ते मागायचो. कुणी हसून द्यायचं, कुणी उगाच भाव खायचं. मला लांबून येताना बघितलं की ड्रायव्हर ओरडायचा, "आज काय भंगार रे? गाडीत जागा ठेवशील ना पॅशिंजरला?" मी त्याला चार शिव्या घालून सामान मागच्या सीटखाली सरकवायचो.

पाळणा मुरबाडच्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात होता. कमरेएवढ्या उंचीची काचपेटी, शिवणीच्या लाकडाची चौकट, आत आकाशपाळणा. त्याला आठ झोके, प्रत्येक झोक्यात कागदाच्या लगद्याचं एकेक माणूस: पागोटंवाला, टोपलीवाली, पोलीस, पोर कडेवर घेतलेली बाई. पेटीखाली चावी होती. ती फिरवली की पाळणा कुरकुरत सुरू व्हायचा आणि एकेक माणूस वर जाऊन पलीकडे खाली उतरायचं. म्हशाच्या जत्रेहून परतताना वडील मला लहानपणी या दुकानासमोर उभं करायचे आणि खेळणं न घेताच पुढे न्यायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मला हवा होता तो पाळणाच, आणि तो विकायचा नव्हता.

दुकानदार आता म्हातारा झाला होता. त्याच्या मुलांना दुकानाच्या जागी टेलिफोन बूथ आणि झेरॉक्स काढायचं होतं. मी तीन वर्षं त्याच्याकडे जात होतो. शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं स्वतःच मला बोलावून घेतलं. पेटीवर हात ठेवून तो म्हणाला, "घेऊन जा. पण एक ऐक. लगदा आणि हे लाकूड, किड्याला दोन्ही गोड लागतं. दर उन्हाळ्यात उघडायची, ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा. पावसाळ्यात हात लावायचा नाही. काय खाल्लं गेलं तर गेलं." मी हो हो म्हणत होतो. माझं सगळं लक्ष चावीकडे होतं.

पेटी घरी आली तेव्हा बायको दारातच उभी राहिली. ती डोळखांबच्या वरच्या पाड्यातली. तिच्या माहेरी घरात जे येतं ते खायचं, नेसायचं किंवा राबायचं असतं. "आता ह्याला कुठं ठेवणार?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मागच्या खोलीत. मागची खोली आमच्या घरातली एकच स्लॅबची खोली. तिला एक बुटकी खिडकी होती. माझे पोपट, पुठ्ठे, स्टँड सगळे तिथंच भिंतीला लागून उभे होते. वर फळीवर बायकोचे पावसाळ्याचे डबे असायचे. त्यात पापड, चिंच, सुके बोंबील, सुकट.

आई मात्र खूश झाली. तिची सत्तरी उलटली होती. आयुष्यभर भाताच्या चिखलात वाकलेली बाई, पण त्या पाळण्यापुढे बसली की तिची नजर हटायची नाही. मी चावी द्यायचो आणि ती झोक्यातल्या माणसांना नावं ठेवायची. पागोटंवाल्याला ती आमच्या चुलत्याच्या नावानं हाक मारायची आणि पोट धरून हसायची. आठवडाभरातच ती म्हणाली, "माझी खाट इथंच टाक रे. जत्रा घरात आली, मी कशाला बाहेर वटीवर झोपू?" बायकोनं सांगून पाहिलं की ती खोली कोंदट आहे. आईनं ऐकलं नाही, आणि मलाही ते आवडलं. माझ्या वेडाला घरात पहिल्यांदाच कुणीतरी सोबतीला मिळालं होतं. मीच खाट उचलून पेटीशेजारी लावली.

आषाढात किडा लागला. एका सकाळी पेटीच्या तळाला पिवळट पीठ पडलेलं दिसलं. वाकून बघतो तर पोलिसाच्या गालाला आरपार भोक. पुढच्या चार दिवसांत टोपलीवालीचा हात गळून पडला. पेटीला कान लावला की आत कुरतडल्याचा आवाज ऐकू यायचा, निदान मला तसं वाटायचं. बाहेर पाऊस कोसळत होता, ऊन कुठून दाखवणार? कडुलिंबाचा पाला टाकला, तो दोन दिवसांत काळा पडून कुजला. मला ड्यूटीवर तिकीट फाडताना तेच दिसायचं, की आपण परत जाऊ तेव्हा झोक्यात कुणी उरलेलं नसेल.

भाताला किडा लागला की आमच्याकडे गोळ्या टाकतात. व्यापाऱ्यांच्या गोदामात वापरतात त्या, फडक्यात बांधून कणगीत खोल सारायच्या. वडील असताना हे काम ते एकटे करायचे. कणगी पडवीत असायची. गोळ्या टाकल्या की तोंड शेणमातीनं जाड लिंपायचे आणि पंधरा दिवस आम्हा कुणाला पडवीत फिरकू द्यायचे नाहीत. एकदा मी तिथं चेंडू आणायला गेलो तेव्हा त्यांनी मला काठीनं बडवलं होतं. म्हणजे त्या गोळ्या काय आहेत, त्यांची वाफ माणसाला काय करते, हे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायचं मी फार वर्षं टाळलं.

ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मी गोळ्या आणल्या. पेटी शेणानं लिंपणं मला जमेना. काच लिंपली तर पाळणा दिसणार कसा? बाहेर पडवीत ठेवणंही जमेना, पावसाचे फवारे आत यायचे. म्हणून मी फडक्याची पुरचुंडी पाळण्यामागे ठेवली, दार लावलं आणि फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. नीट, एकेक कोपरा दाबून. मागे उभं राहून बघितलं तेव्हा समोरून पट्ट्या जवळजवळ दिसतच नव्हत्या आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. घरात कुणाला सांगितलं नाही. आईला खाट हलवायला सांगावं लागलं असतं, ती रुसली असती. आणि मला वाटलं, कणगीएवढं थोडंच आहे हे, लहानशी तर पेटी.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत वास यायला लागला. कुजक्या मासळीसारखा, त्यात कच्च्या लसणाची झाक. मी मान वर केली आणि फळीवरचे डबे बघितले. खरंच सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे अर्ध्या घरांत सुकटीचा डबा ओल लागून नासतो आणि असाच वास सुटतो. मी तिथूनच बायकोवर ओरडलो, "तुझी सुकट कुजली गो! घरभर घाण केलीस." तिनं डबा खाली काढला, चिमूटभर तोंडात टाकली. "चांगली हाय," ती म्हणाली. "वास ह्याचा नाय." मी म्हटलं, मग काय माझ्या पाळण्याचा आहे? ते मी टोमणा म्हणून बोललो होतो.

आई म्हणाली डोकं जड झालंय, रात्री मळमळतंय. आम्ही तिला आल्याचा चहा दिला.

तिसऱ्या दिवशी बायकोनं मुद्दाम सुकट केली, वांगी घालून. डबा नासलेला नाही हे तिला दाखवून द्यायचं होतं. तिचा स्वभावच तसा, अंगावर आलेलं परत टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी सकाळी डब्यात नेली, तिनं खाल्ली, आईनं दोन घास जास्तच खाल्ले. मग आई मागच्या खोलीत आडवी झाली. पाऊस खिडकीतून आत येत होता म्हणून बायकोनं खिडकी लावली आणि दार ओढून घेतलं. त्या दिवशीचा तिचा सगळा गुन्हा एवढाच.

मी चार वाजता घरी आलो तेव्हा आई वटीवर होती. बायकोनं तिला ओढत बाहेर आणलं होतं. आई ओकत होती, हातपाय गार पडले होते, छातीवर कुणी बसलंय असं खुणेनं सांगत होती. शेजाऱ्याची जीप मिळाली. किन्हवलीच्या डॉक्टरनं नाडी बघत मला विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी म्हटलं, "सुकट." बायको माझ्या मागेच उभी होती. डॉक्टरनं मान डोलावली आणि शहापूरला न्यायला सांगितलं. जीप पुन्हा रस्त्याला लागली. दिवेलागणीच्या आधीच, शहापूरच्या अलीकडे, आईचा हात माझ्या हातात ढिला पडला.

आई गेल्यावर चौथ्या दिवशी खाट बाहेर काढायला मी मागच्या खोलीत गेलो. वास बराच कमी झाला होता. खाट उचलताना पेटीच्या बाजूला एक पट्टी लोंबताना दिसली. ओलीनं खळ सुटली होती. एक नाही, खाटेच्या बाजूच्या सगळ्याच पट्ट्या सुटल्या होत्या, उशीच्या बरोबर पातळीला. मी दार उघडलं. फडक्यात गोळ्या नव्हत्या, राखाडी भुकटी होती. सुकटीचा डबा तर आई गेली त्याच रात्री उकिरड्यावर फेकला होता, आणि वास त्या फडक्यालाच येत होता. मी खाटेवर बसलो. वडिलांची काठी, पडवी, लिंपलेली कणगी, सगळं एकदम आठवलं. मी आईला मारलं होतं. मी उठलो, फडकं शेतात खोल पुरलं, पट्ट्या काढल्या, काच पुसली. पाळण्यातला एकही किडा जिवंत नव्हता.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ठरवलं, बाराव्याला सगळे जमतील तेव्हा सांगू.

बाराव्याला माझी मोठी बहीण शहापूरहून आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. आईची तीच लाडकी. ती दारातून आली ती सरळ चुलीपाशी गेली. "माझ्या आयेला कुजकी सुकट घातलीस गो," ती बायकोला म्हणाली. "तुझ्या आयेला घातली असतीस?"

"मीपण तीच खाल्ली, आक्का," बायको म्हणाली. "ह्यांनीपण खाल्ली."

"तू मेली नायस ना," आक्का म्हणाली.

सगळं अंगण ऐकत होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला एवढंच हवं होतं, की मी म्हणावं, सुकट चांगली होती. तेवढं बोलायला तर मला काही कबूलही करावं लागलं नसतं. पण सुकट नाही म्हटलं की मग काय, हा प्रश्न आलाच असता. मी भटजींना पाणी देण्याच्या निमित्तानं उठलो. भित्रा माणूस कामात असल्याचं सोंग फार चांगलं करतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

त्यानंतरची वर्षं बाहेरून बघितली तर साधीच गेली. बायकोनं घरात सुकी मासळी आणणं बंद केलं. भावकीत लग्न असलं, पूजा असली की ती पदर खोचून पुढे व्हायची आणि बायका गोड आवाजात म्हणायच्या, "तू बस गो, दमली असशील." तिच्यापुढची विळी उचलून दुसरीकडे नेली जायची. आमच्याकडे आलेले पाहुणे उपास सांगायला लागले. एकदा वाडीतल्या एका बाईनं आपल्या पोराच्या हातातला आमच्या घरचा लाडू काढून घेतला, बायकोच्या देखत. ती घरी येऊन नुसती भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा. मी प्रत्येक वेळी ठरवायचो, ही दिवाळी होऊ दे, हा पावसाळा जाऊ दे. मग मला समजायला लागलं की आपण सांगणार नाही. त्याची सवय होते, हे जास्त भयंकर आहे.

आणि पाळणा? तो त्याच खोलीत राहिला. हलवला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं, असं मी स्वतःला बजावत असे. खरं कारण लाजिरवाणं आहे. तो मला अजून आवडत होता. बायको त्या खोलीत झाडायला जायची तेव्हा पेटीला पाठ करून झाडायची. मला वाटायचं तिला आईची आठवण होत असेल. कधी वाटायचं तिला ठाऊक आहे, आणि ती मी बोलायची वाट बघतेय. मग त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी मुंबईहून एक बाई आल्या. जुन्या दुकानांच्या मांडणीवर त्या काहीतरी लिहीत होत्या, मुरबाडच्या बाजारात कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या भंगाराला भंगार न म्हणणारं माणूस पहिल्यांदाच घरात आलं होतं. मी पोपट दाखवला, पुठ्ठे दाखवले. त्यांनी पाळण्यापुढे मांडी घातली आणि बॅटरी लावून एकेक झोका तपासला. "असे दोन-तीनच बघितलेत मी," त्या म्हणाल्या, "सगळे पोखरलेले. ह्याला जुनी भोकं आहेत, पण नंतर एकही नवं नाही. इतक्या पावसाच्या भागात तुम्ही हे वाचवलंत कसं?"

"भातातल्या गोळ्या," मी म्हटलं. "एकदाच टाकल्या. पेटी बंद करून, फटींना पट्ट्या लावून. एक किडा राहिला नाही." आणि मी हसलोसुद्धा.

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले, पाहुणीला बिस्किटं घ्यायचा आग्रह केला, त्या जाईपर्यंत नीट बोलली. बाई गेल्यावर तिनं मला विचारलं, "भातातल्या गोळ्या काय असतात?" तिच्या माहेरी नाचणी. नाचणीला किडा लागत नाही, आणि वडील गेल्यापासून आमच्या कणगीतही कुणी गोळ्या टाकल्या नव्हत्या; तिनं त्या कधी बघितल्याच नव्हत्या. मी सांगितलं.

"वास येतो त्यांना?"

"येतो."

"कसला?"

मी वर बघितलं, सुकटीचा डबा असायचा त्या फळीकडे. ती भिंतीला टेकली. तिला राग यायला हवा होता, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "आक्कांना सांगायचा. तुमी सांगायचा, माझ्यासमोर."

रविवारी आम्ही शहापूरला गेलो. मी आक्कासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. किडा, गोळ्या, सुटलेल्या पट्ट्या, पुरलेलं फडकं. सांगताना मी रडलो. माझं झाल्यावर आक्का उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, अगदी आई फिरवायची तसा.

"किती रे करशील हिच्यासाठी," ती म्हणाली. "स्वतःच्या आयेचा पाप अंगावर घेतोस?"

"आक्का, खरं सांगतोय. शपथ घेतो."

"आयेची शपथ नको घेऊ. डॉक्टरला तूच सांगितलास ना, सुकट म्हणून? मला जीपवाल्यानं तवाच सांगितला." मग ती बायकोकडे वळली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "माफ केला मी तुला गो. असा नवरा नशिबानं मिळतो. सांभाळ त्याला."

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. जितकं सांगावं तितके तिचे डोळे भरून येत होते. शेवटी तिनं आमच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारणीला हाक मारून माझं कौतुक सांगायला लागली.

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसली. मी तिची माफी मागितली. किन्हवली आली. उतरायला उठताना ती म्हणाली, "तवा बोलला असतात, तर त्यांना खरा वाटला असता."